खालाच्या पोरांची बोंडअळी

अकोल्याच्या जुन्या शहरात खालाइतकं चिडणारं माणूस दुसरं नसेल. शिवणकाम करणारी ही बाई, साऱ्या मोहल्ल्याची मावशी, संध्याकाळी शाळेच्या एका रिकाम्या खोलीत दोन जुन्या कॉम्प्युटरांवर पोरांना खेळ बनवायला बसवायची. आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला म्हणून मी मदतीला जायचो आणि सगळ्यात जास्त बोलणी खायचो. पोरानं काही विचारलं आणि मी उत्तर दिलं, की ती कडाडायची, "तू काहून सांगून राहिला? ज्यानं बनवलं त्याले विचारू दे." बनवणारा कुठेही असायचा. पोरं इंटरनेटवरच्या ज्या जागी खेळ बनवायची, तिथे कोणाचाही खेळ उघडून, आतली जोडणी बघून, बदलून पुन्हा ठेवता यायचा. बोंडअळी वेचण्याचा खेळ असाच झाला. कपाशी आमच्या सातवीतल्या रुखसारनं उभी केली, अळी पातूरच्या एका पोरानं काढली, आवाज अचलपूरहून आला. अळीला पाय किती, यावर दोघांचं तीन दिवस लेखी भांडण चाललं. "वावरात जाऊन मोज," असं रुखसारनं लिहिलं, तर तो खरंच मोजून आला. खाला खूश झाली असावी. त्या दिवशी ती दोनदाच ओरडली.

तिचा नियम एकच होता : ज्याचं जे घेतलं त्याचं नाव खेळाखाली लिहायचं. सतरा नावं झाली.

जिल्ह्याच्या प्रदर्शनात खेळ निवडला गेला तर खोली कायमची देऊ, असं मुख्याध्यापक म्हणाले होते. परीक्षकांनी यादी पाहिली. "म्हणजे नक्कल आहे. एकच नाव ठेवा, मग बघू." रुखसार हळूच म्हणाली, "सर, अळी माही नाही." त्यांनी माझ्याकडे बघून हात हलवला, आणि मी, खरं सांगतो, सोळा नावं पुसायला निवडलीसुद्धा. एक कळ दाबायची बाकी होती. खालानं वायरच उपसली. "साहेब, त्या सोळा पोरांले काय सांगू? तुमी मेले म्हून?"

खोली गेली. त्या परीक्षकाचा मला अजून राग येतो, स्वतःचा त्याहून जास्त.

आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलची एकच वही सगळा वर्ग उतरवतो, प्रत्येक वहीवर एकाचंच नाव असतं आणि तिला कोणी नक्कल म्हणत नाही. परवा मी माझ्या वहीच्या शेवटी, जिच्याकडून उतरवली त्या मुलीचं नाव लिहिलं. सरांनी त्यावर काट मारली आणि खाली सही केली.