दुखलं तर डावा हात वर करा

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि माणसं किती खोटं बोलतात तेही पाहिलं. पण आता निवृत्तीनंतर कुणी म्हणालं, "साहेब, एखादी केस सांगा की," तर मला आधी आठवतो तो सोलापूरच्या शुक्रवार पेठेतला दातांचा दवाखाना. त्या प्रकरणात कुणी पळालं नाही, कुणाच्या हातात बेड्या पडल्या नाहीत. तरी ते डोक्यातून जात नाही. नावं मात्र कुणाचीच सांगणार नाही. नावं कळून तुम्हाला करायचंय काय?

सकाळची हजेरी आटोपून मी चहाचा कप उचलला होता, तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आला. हा आमचा हवालदार मंद्रूपचा, मनानं सरळ आणि कानानं तिखट.

"साहेब, निनावी फोन आलता. बाईमाणूस हुतं. अप्पांच्या दवाखान्यात डॉक्टर नसलेली बाई लोकांचे दात उपटती म्हनं. लवकर या म्हनली आन् ठिवून दिला."

"नंबर?"

"न्हाय की. नंबर दिसायचा डबा कवाच बंद पडलाय."

"अजून काही?"

त्यानं मान खाजवली. "आवाज दबलेला हुता, तोंडावर कापड धरल्यागत. आन् मागं कायतरी लई घरघरत हुतं. पिठाची गिरनीच म्हना."

स्टेशन डायरीला नोंद केली आणि फोन करणारी शोधायला त्यालाच पाठवलं. तो पेठेतल्या एकूण एक गिरण्या हिंडला. गिरणीवाले वैतागले, बायका हसल्या, खबर देणारी काही सापडली नाही. येताना स्वतःचं दळण मात्र घेऊन आला. "हेलपाटा वाया जाऊ नये म्हनून," म्हणाला. त्याला बोलावं तरी काय!

अप्पा म्हणजे पेठेतले जुने दंतवैद्य. वय सत्तरीपुढचं. घरात कन्नड, दवाखान्यात मराठी, आणि पेशंट घाबरला की दोन्ही एकदम. त्यांच्या हाताखाली एक बाई होती. लोक तिला सिस्टर म्हणायचे. ती विड्या वळणाऱ्या बाईची मुलगी, घरी तेलुगू बोलणारी. दवाखान्यात कामाला लागली, तेव्हा अप्पांनी तिला शिकायला पाठवलं आणि राज्याच्या दंत परिषदेकडे डेंटल हायजिनिस्ट म्हणून तिची रीतसर नोंदणी करून दिली. मी महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याला विचारलं की, या नोंदणीत नेमकं काय बसतं. त्यांनी सोपं करून सांगितलं. अशा बाईनं दात साफ करावेत, कीट काढावं, निगा कशी राखायची ते सांगावं, आणि हे सगळं दंतवैद्याच्या देखरेखीखाली. दात उपटणं, भरणं तिच्या नोंदणीत बसत नाही. केलं तर परिषद नाव काढून टाकते. नाव गेलं की पोट गेलं.

"आणि साहेब," ते म्हणाले, "कोर्टात जायचं तर परिषदेच्याच तक्रारीवरून जाता येतं. तुम्ही चौकशी करून अहवाल पाठवा."

म्हणजे त्या बाईचं सगळं आयुष्य माझ्या अहवालावर येऊन ठेपलं होतं.

खात्री करायला डमी पेशंट लागणार होता. आमच्या एका महिला शिपायाची दाढ महिनाभर ठणकत होती. तिला सांगितलं, "आत जा, खुर्चीत बस, दाढ कोण काढतंय ते दिसलं की काहीतरी कारण सांगून उठून ये." ती गेली, आणि परत आली ती गालात कापूस घेऊन.

"अगं, उठून यायचं सांगितलं होतं ना?"

तिनं नुसतीच मान हलवली. कापूस असेपर्यंत बोलायचं नाही, अशी ताकीद घेऊन आली होती. दुपारी तिला वाचा फुटली.

"साहेब, कळलंसुद्धा नाही हो. ती म्हणाली, 'ताई, घाबरू नका, दुखलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबते.' मी उठणार होते, पण तिनं असं म्हटल्यावर उठवेचना. हात वर करायची वेळच आली नाही."

"दाढ काढली कुणी?"

तिनं गालावर हात धरला. मग हळूच म्हणाली, "सिस्टरनी. अप्पा उशाला उभे होते. माझ्या कपाळावर हात ठेवून सांगत होते, आता जरा आत दाब, आता बाहेर घे. साहेब, तिच्याविरुद्ध जबाब द्यायचा का मी?"

"द्यायचा. पाहिलंस तेवढंच द्यायचा."

तिनं दिला, आणि देताना डोळे पुसले. मला वाटलं, दाढ दुखत असेल. मी दोन पंच, हवालदार आणि त्याच शिपायाला घेऊन निघालो.

पोलीस दारात आले की माणसं कशी वागतात, याचा मला चांगला अभ्यास आहे. चोर म्हणतो, मी काय केलं? साव पण तेच म्हणतो. ही बाई तसलं काही म्हणाली नाही. धुतलेला पांढरा कोट घालून उभी होती, हत्यारं उकळून फडक्यावर मांडलेली होती. पाहुणे यायचे म्हणून घर आवरावं, तसा दवाखाना आवरलेला. मला म्हणाली, "या साहेब. आधी अप्पांना बसायला खुर्ची देऊ का?"

भिंतीवर दोन चौकटी होत्या. अप्पांच्या पदवीची खाली, आणि हिच्या नोंदणीची वर. मी विचारलं तर अप्पा अभिमानानं म्हणाले, "वर तीच पाहिजे की. माझ्यासारखे लई हाईत, तिच्यासारखी पेठेत एकटीच हाय."

पंचनामा सुरू झाला. तेवढ्यात आतल्या खोलीत काहीतरी घरघरायला लागलं. दातांच्या यंत्राला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर होता तो. हवालदाराची लेखणी थांबली. डोळे मोठे करून तो माझ्या कानाशी आला.

"साहेब! हीच ती गिरनी!"

मी त्याला चिमटा काढून गप्प केलं, पण त्याचं बरोबर होतं. फोन या दवाखान्यातूनच गेला होता. आवाज बाईचा, तोंडावर कापड. आणि दवाखान्यात बाई एकच, तिच्या तोंडावर दिवसभर मास्क.

दोघांना ठाण्यात आणलं आणि वेगवेगळं बसवलं. आमची पद्धतच ती. अप्पांना विचारलं तर म्हणाले, "दात मीच काढले. तिनं नुसतं सामान दिलं. लिवा तसं." तिला विचारलं तर म्हणाली, "दात मीच काढले. अप्पांना काहीच माहीत नव्हतं." आता आली का पंचाईत! गुन्हा नाकारणारे शेकडो पाहिले, पण एका गुन्ह्यासाठी दोघं भांडतात, हे माझ्या नोकरीत पहिल्यांदाच घडत होतं.

महिला शिपायाला शेजारी बसवून मी सिस्टरला सरळ विचारलं, "बाई, फोन तुम्हीच केलात ना?"

 ती पदर तोंडाला लावून जी रडायला लागली, ती थांबेचना. शिपायानं पाणी दिलं.

"काय करू साहेब? अप्पांचा हात गेलाय. कापतोय नुसता. मागं एका आजीबाईचा ओठ कापला. त्या आजी काही बोलल्या नाहीत, पण अप्पा दोन दिवस जेवले नाहीत. त्यानंतर मीच म्हटलं, अप्पा, तुम्ही सांगा, मी करते. चुकलं ते. मला ठाऊक होतं चूक आहे ते."

"मग सोडून जायचं होतं."

"मी गेले असते, तर त्यांनी त्याच हातानं केलं असतं की! पेशंट दारात आला की त्यांना नाही म्हणता येत नाही. आणि बंद करा म्हणून तोंडावर कुणी सांगायचं? मी? बापासारखं माणूस ते. म्हटलं, पोलीस येतील, माझ्यामुळं बंद पडेल. अप्पा मला शिव्या देतील, चालेल. पण आपल्याच कापऱ्या हातानं दवाखाना बुडवला, असं त्यांना वाटायला नको."

माझ्या टेबलावर कागद होते, त्यातच बघत बसलो. ऑफिसरनं अशा वेळी कुठं बघायचं, हे ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

मग मी पद्धत मोडली. दोघांना एकाच खोलीत आणलं. अप्पांचा जबाब त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, करा सही. त्यांनी पेन घेतलं, पण ते कागदाला टेकेना. हात सारखा थरथरत होता आणि कागद टेबलावर सरकत होता. आमचा हवालदार खिडकीबाहेर बघायला लागला. ती बाकावरून उठली, कुणाला न विचारता आली आणि दोन्ही हातांनी कागद घट्ट धरून उभी राहिली.

अप्पांनी पेन खाली ठेवलं. "साहेब, फोन हिनं केला, हे मला ठाऊक हाय. मी शेजारच्या खोलीतच हुतो."

तिनं चटकन त्यांच्याकडं पाहिलं.

"मग अडवलं का नाही?" मी विचारलं.

"रोज सकाळी ठरवायचो, आज कुलूप घालायचं. रोज कुणीतरी गाल धरून यायचं, आन् राहून जायचं. हिनं फोन केला, तवा बरं वाटलं बघा. पण म्हटलं, पोलीस आले की सगळं माझ्या अंगावर घ्यायचं." मग तिच्याकडं वळून ओरडलेच, "येडी का गं तू? माझी अब्रू झाकायला स्वतःचं नाव घालवायला निघालीस? त्या नावासाठी तुझ्या आईनं किती विड्या वळल्या, काय हिशोब हाय का?"

"तुम्हीच वर लावलंत ना ते नाव," ती म्हणाली. आणि तिनं पुन्हा पदर तोंडाला लावला. अप्पाही रडले. इतके दिवस एकाच खोलीत काम करणारी ही दोन माणसं एकमेकांना जे सांगू शकली नव्हती, ते त्यांनी ठाण्यात येऊन सांगितलं.

संध्याकाळी हवालदार घुटमळत आला. "साहेब, अहवालात जरा सोडून लिवा की. पोरीचं नाव जाईल."

मी त्याच्यावर खेकसलो. सोडून लिहिणं माझ्या स्वभावात नाही. उद्या एखादा खरंच न शिकलेला माणूस गावोगाव दात उपटत फिरेल, तेव्हा कोणत्या तोंडानं त्याला धरू? नोंदणीचे नियम खुर्चीत तोंड उघडून पडलेल्या माणसासाठी असतात. त्याला बिचाऱ्याला वर काय चाललंय ते दिसत नाही. पण खरं लिहायचं तर सगळं खरं लिहायचं. तिनं दात काढले, हे लिहिलं. का काढले, हेही लिहिलं. आणि तक्रार तिनं स्वतःच स्वतःविरुद्ध केली, हे तर दोनदा लिहिलं.

परिषदेनं दोघांना बोलावून ऐकून घेतलं. अप्पांनी आपलं नाव आपणच कमी करून घेतलं. तिला ताकीद मिळाली आणि तिची नोंदणी काही महिन्यांसाठी स्थगित झाली. ते महिने ती घरी आईशेजारी बसून विड्या वळत होती. अप्पा रोज संध्याकाळी तिथं जाऊन स्टुलावर बसायचे, असं हवालदार सांगायचा.   चहा प्यायचे आणि पानं कातरताना तिचे हात बघत बसायचे.

दवाखाना एका तरुण दंतवैद्यानं घेतला. अप्पांनी त्याला एकच अट घातली होती, ती भिंतीवरची वरची चौकट काढायची नाही.

नोंदणी परत सुरू झाली, तेव्हा मी निवृत्त झालो होतो. तिनं घरी येऊन आमंत्रण दिलं. पहिल्या दिवशी मी गेलो, तर पहिला पेशंट म्हणून अप्पाच खुर्चीत आडवे पडले होते. नवा डॉक्टर नियमाप्रमाणे देखरेखीला शेजारी उभा. तिनं मास्क लावला, दिवा ओढला आणि सवयीनं म्हणाली, "अप्पा, दुखलं तर डावा हात वर करा."

कॉम्प्रेसर घरघरायला लागला आणि ती कामाला लागली. पण अप्पांचा डावा हात आपला आपणच हलत होता. तो हलला की ती थांबायची. "दुखतंय का?" अप्पा मानेनं नाही म्हणायचे. पुन्हा सुरू, पुन्हा हात, पुन्हा थांबायची. असं चार-पाचदा झालं. दुखणं कुठलं आणि थरथर कुठली, तिला कळेना. तिचे डोळे भरून आले, मास्कवरून दिसत होतं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. प्रेमाची माणसं एकमेकांना वाचवायला खोटं बोलतात, आणि ते खोटं फोडताना हात हलका ठेवायला हवा, एवढंच मला कळलं. ते पोलीस मॅन्युअलमध्ये नाही.

मी उठलो, स्टूल ओढून खुर्चीशेजारी बसलो आणि अप्पांचा डावा हात माझ्या दोन्ही हातांत धरला. आयुष्यभर लोकांचे हात धरले, ते पकडायला. "अप्पा," म्हटलं, "दुखलं तर माझा हात दाबा. मी तिला सांगतो."

हात माझ्या हातात थरथरत राहिला. तिनं दिवा नीट केला आणि काम पुरं होईपर्यंत ती थांबली नाही. शेवटी एकदा अप्पांनी माझा हात दाबला. मी घाईघाईनं म्हटलं, "थांबा, दुखतंय त्यांना!"

अप्पांनी मानेनं नाही म्हटलं, आणि हात तसाच दाबून धरला.