पाळण्यापासून पटापर्यंत

प्रभावती वाघमारे बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात चार शब्द लिहायला मिळाले, हे मी माझं भाग्य समजतो. बाईंची आणि माझी पहिली भेट शाळेत नाही, एका बारशात झाली. ताडकळसजवळच्या एका खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेवर मी नवा शिक्षक म्हणून हजर व्हायला गेलो, तर मुख्याध्यापिका जागेवर नाहीत. "बाई अनुसयाच्या घरी बारशाला गेल्यात," पोरांनी सांगितलं. मधली सुट्टी असली म्हणून काय झालं, मला ते काही पटेना. तणतणत तिथं पोचलो. बाई तान्ह्या मुलीला टोपडं बांधत होत्या आणि तिच्या आईला बजावत होत्या, "अनुसया, हे लेकरू माझं हाय बरं का. पहिलीला माझ्याकडंच पाहिजे."

ही त्यांची रीतच होती. आम्ही इतर शिक्षक उन्हाळ्यात पहिलीसाठी मुलं शोधत दारोदार फिरायचो. बाईंनी ती पाळण्यातच हेरून ठेवलेली असत. जुन्या सुती साडीचं मऊ टोपडं त्या स्वतः शिवायच्या. घर बौद्धांचं असो, लिंगायतांचं असो की पाटलांचं, बारसं चुकवायच्या नाहीत. बोलावणं नसलं तरी जायच्या.

वर्षभरात मला मुलगी झाली. बारसं परभणीला, आमच्या घरी होतं. बाई एसटीनं आल्या, टोपडं बांधलं, मुलीचा पापा घेतला आणि गप्प बसल्या. मी थट्टेनं विचारलं, "बाई, हे लेकरू तुमचं नाही का?" त्या नुसत्या हसल्या. "ते मी कसं म्हणू, सर? तुमीच ठरवा." घरात तर ठरलेलंच होतं, मुलगी परभणीतच इंग्रजी शाळेत जाणार.

पुढं गावात पिवळी व्हॅन यायला लागली. टाय बांधलेली लेकरं शहराकडे निघाली आणि आमचा पट उतरत गेला. अनुसयाची मुलगीही त्याच व्हॅनमध्ये. अनुसया बाईंना पाहून तोंड चुकवायची. एका सकाळी बाईंनी दोघींना रस्त्यात गाठलंच. आता खरडपट्टी निघणार, असं मला वाटलं. बाईंनी मुलीचा वाकडा टाय नीट केला आणि म्हणाल्या, "शिकायलीय न्हवं? बास झालं." मी मात्र धुसफुसत होतो. तेव्हा मलाच म्हणाल्या, "सर, आईला लेकराचं भलंच वाटतं. तिच्यावर कशाला राग धरायचा?" बाईंचं हे ऋण मी मोठं मानतो.

पुढच्या जूनच्या तोंडावर बोलवा उठली, की पहिलीत मुलं आली नाहीत तर शाळा बंद होईल आणि उरलेल्या चिमुरड्यांना हमरस्ता ओलांडून शेजारच्या गावी जावं लागेल. ट्रक धावतात त्या रस्त्यावरून! बाईंची निवृत्ती जवळ आलेली. तरी त्यांनी मला एका शब्दानं गळ घातली नाही. त्यांचं ते गप्प बसणंच मला बोचत राहिलं. मी आणि बायको खूप बोललो, थोडं भांडलोही. शाळेच्या पहिल्या दिवशी मी मुलीला मोटारसायकलवर पुढं बसवून गावात नेलं. बाई दारातच उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले, माझेही.

काही दिवसांत अनुसया मुलीला घेऊन आली. "सरच आपली पोरगी हितं आणायलेत, मग आमी कामून बाहेर धाडायलोत?" असं ती पारावरच्या बायांनाही ऐकवून आली होती. सगळी मुलं परतली नाहीत. व्हॅन आजही येते. पण शाळा राहिली.

परवा ताडकळसच्या बाजारात बाई भेटल्या. पिशवीतून टोपड्याचं कापड डोकावत होतं. म्हटलं, "बाई, आता तर निवृत्त झालात." "मी झाले," त्या म्हणाल्या, "पाळणे कुठं झालेत?"

बाई, तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. माझ्या लेकीच्या लेकराच्या बारशालाही तुम्ही टोपडं घेऊन या. फक्त त्या वेळी गप्प बसू नका.