रुख्मिणीबाईची चाल

मार्चमधल्या त्या मंगळवारी निलम राठोडचं मन कामात ठरेना. हिंगोलीतल्या भाड्याच्या खोलीत बसून ती हैदराबादच्या एका कंपनीसाठी मेडिकल कोडिंग करायची. परदेशातल्या डॉक्टरांनी लिहिलेले रुग्णांचे कागद वाचायचे आणि प्रत्येक दुखण्याला ठरलेला कोड द्यायचा. नियम एकच, पण कडक. कागदावर आहे तेवढंच धरायचं, आपला अंदाज मिसळायचा नाही.

सकाळी एका एकसष्ट वर्षांच्या बाईची फाइल आली होती. डावा गुडघा दुखतो, गुडघ्याच्या एक्स-रेत काही नाही, चाल 'अँटॅल्जिक'. म्हणजे दुखऱ्या पायावर भार सोसत नाही म्हणून बिघडलेली चाल. कशामुळे, ते डॉक्टरांनी लिहिलं नव्हतं. कारण नसेल तर लक्षणालाच कोड द्यायचा. निलमने गुडघेदुखीला एक आणि चालीला आर सव्वीस पॉइंट आठ नऊ दिला आणि पुढची फाइल उघडली. ती त्याच बाईची, तीन आठवड्यांनंतरची निघाली. बाई स्वयंपाकघरात कोसळली होती. खुब्याचं हाड आधीच चिरलं होतं, आता ते पार मोडलं होतं. खुब्यातली कळ तिला गुडघ्यात जाणवत होती आणि सगळे गुडघाच तपासत राहिले होते.

निलम उठली, पाणी प्यायली, परत बसली, परत उठली. तिला आपली याडी दिसत होती. त्यांच्या बंजारा तांड्यावर आईला याडीच म्हणतात. रविवारी रुख्मिणीबाई चुलीपासून दारापर्यंत आली ती डाव्या मांडीवर हात दाबून. दोन महिने ती अशीच चालत होती. गावातल्या डॉक्टरने गुडघ्याच्या गोळ्या दिल्या होत्या आणि निलमनेही म्हटलं होतं, "वेळेवर घेत जा."

तिने भावाला फोन लावला. "देविदास, याडी कुठंय?"

"रानात. हळद वेचून राहिली. काहून?"

"तिला घरी आण. गाडीवर बसवून आण, चालू देऊ नको."

"अगं, पण झालं काय?"

"आल्यावर सांगते," म्हणून तिने फोन ठेवला. तिने टीम लीडर शितल मॅडमना सुट्टी मागितली. महिनाअखेर आहे, असं उत्तर आलं. निलमने लॅपटॉप मिटला आणि स्टँडवर जाऊन तांड्याकडे जाणारी पुसेगावची बस पकडली. बसमध्येही तिला एका जागी बसवेना. कंडक्टर म्हणाला, "ताई, उभं राहून बस लवकर पोचत न्हाई."

रुख्मिणीबाई दारात बसली होती, रागावलेली. "बाया तिकडं रानात अन् मी इथं! लोक काय म्हणतील?"

"याडी, त्या लिंबापर्यंत चालून दाखव."

"मी काय बैल हाय का बाजारातला?"

तरी ती उठली. निलम बघत राहिली. उजवं पाऊल नीट पडायचं. डावं टेकतं न टेकतं तोच उचललं जायचं. निलमने वही काढली.

"नेमकं दुखतं कुठं?"

"गुडघ्यात. अन् इथं, जांघेत."

"जांघेतलं डॉक्टरला सांगितलं का?"

"पुरुष माणसाला तसलं सांगतात का?"

"मांडी घालून बसता येतं?"

"न्हाई जमत आता."

"पडली होतीस का कधी?"

रुख्मिणीबाईने देविदासकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "संक्रांतीच्या आधी. हळदीच्या ओल्या सरीत पाय घसरला. कुणाला कशाला सांगायचं, काम थांबलं असतं."

देविदासने मान खाली घातली. निलमने तेही वहीत लिहिलं. जगभरच्या बायांच्या चाली ती रोज वाचत होती आणि दोन महिने घरातली एक तिला वाचता आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जीप करून त्यांनी याडीला हिंगोलीच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. गर्दी फार होती. निलम बाकावर बसायची, दाराशी जायची, परत यायची. नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी जुनी चिठ्ठी बघून पुन्हा 'गुडघा' लिहायला घेतलं. निलमने वहीचं पान पुढे केलं. डावा पाय, कधीपासून, कशी पडली, पाऊल कसं उचलते, जांघेत कळ. एवढंच, कुठेही अंदाज नाही.

डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. "झोपा मावशी," म्हणून त्यांनी तिचा पाय आतल्या बाजूला वळवला. रुख्मिणीबाईने पदर दातात धरला, तरी किंकाळी फुटलीच.

खुब्याच्या एक्स-रेत केसासारखी रेघ दिसली. "हाड अजून जागेवर आहे," डॉक्टर म्हणाले. "पण आजपासून हा पाय टेकवायचा नाही. असंच चाललं असतं, तर आठ-पंधरा दिवसांत सरकलं असतं."

शुक्रवारी नांदेडला ऑपरेशन झालं, तीन स्क्रू बसले. शितल मॅडमनी निलमला लेखी ताकीद पाठवली. तिने ती वाचली, सही करून परत पाठवली आणि दुसऱ्या महिन्यात कामाचा आकडा भरून काढला. पण कारण न लिहिलेली फाइल आली की आता ती पुढे सरकत नाही. डॉक्टरांकडे विचारणा पाठवते. त्यात वेळ जातो, बोलणी बसतात.

रुख्मिणीबाई आधी वॉकर धरून, मग काठी घेऊन चालायला लागली. जुलैत ती बांधावर उभी राहून निंदणाऱ्या बायांना सूचना करत होती. थोडी लंगडते अजून. ते लंगडणं जायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

ही गोष्ट तांड्यावर पसरली. आता निलम रविवारी घरी आली की दोन-चार बाया ओट्यावर येऊन बसतात. परवा शेजारची भिकाबाई आली. "माझं बी लिहून दे बाई. दवाखान्यात गेलं की मला काहीच आठवत न्हाई."

"काय दुखतं, काकी?"

"कंबर."

"कधीपासून?"

भिकाबाई विचारात पडली. एवढं तिला कुणी विचारलं नव्हतं. "सेवाच्या वेळेला बाळंत झाले, तवापासून," ती म्हणाली. तिचा मुलगा सेवा आता तीस वर्षांचा आहे.

निलमने ते लिहून घेतलं आणि तिला अंगणात चालायला सांगितलं.