झोपेचं शेपूट

"शेपूट चुकलं," असं म्हणून नाना चष्मा कपाळावर ढकलायचे. म्हणायचे इतक्या गंभीरपणे, की ऑफिसात नवीन आलेला माणूस खरोखर मागे वळून बघायचा.

शेपूट म्हणजे इंग्रजी क्रियापदाच्या मागे लागणारा तो बारका शब्द. ऑफ, इन, आउट, ओव्हर. नानांचं म्हणणं असं, की क्रियापद हे नुसतं धड. जनावर कोणतं ते शेपटावरून ओळखायचं. आणि आमच्या ऑफिसात म्हशीला घोड्याची आणि घोड्याला शेळीची शेपटं लावण्याचा कारखाना जोरात चालू होता.

तसा कारखाना पाइपचा. जळगावच्या एमआयडीसीत. मी डिस्पॅचला होते आणि नानांचं टेबल माझ्या शेजारी. शिरपूरकडच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर, बायको गेल्यावर, पिंप्राळ्यात एक खोली घेऊन राहिले. परदेशी जाणारी पत्रं तपासायला मोठ्या शेठनी त्यांना वर्षावर्षाच्या करारावर ठेवून घेतलं होतं. इंग्रजी विलायती काटेकोर, पण राग आला की अहिराणी. "हाई काय लिखेल शे?" असं ऐकू आलं की आम्ही समजायचो, कोणातरी मोठ्या हुद्देदाराचं पत्र त्यांच्या हाताखाली आलंय.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल. त्याला सगळे हसतात, आणि अर्ज लिहायची वेळ आली की हळूच त्याच्याच टेबलाशी जातात.

नानांचा खास विषय म्हणजे झोप. त्यात त्यांचा दोष नव्हता. पुण्याहून नवे मॅनेजर आले आणि त्यांनी पहिलाच हुकूम काढला, की उशिरा येणाऱ्यानं लेखी खुलासा द्यायचा आणि तो इंग्रजीत. त्यामुळे रोज सकाळी कंपनीत पाइपपेक्षा खुलासे जास्त तयार व्हायचे, आणि सगळ्यांचं मूळ झोपेत.

अकाउंट्सच्या योगेशनं एकदा लिहिलं, "आय स्लेप्ट ओव्हर." नानांनी कागद वाचला, चष्मा वर ढकलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा मास्तरी आवाजात विचारलं, "कोणाकडे?"

"घरीच, नाना."

"मग ओव्हर कशाला? स्लीप ओव्हर म्हणजे दुसऱ्याच्या घरी मुक्काम. उठायला उशीर झाला असेल तर ओव्हरस्लेप्ट, ओव्हर पुढे घ्यायचं. मुद्दाम लोळत पडला असशील तर स्लेप्ट इन. आता खरं सांग, तिन्हीपैकी काय?"

योगेशची नुकतीच सुपारी फुटली होती आणि होणारे सासरे आमच्याच स्टोअरला होते. त्यांच्या कानावर फक्त "कोणाकडे?" एवढंच गेलं. पुढचे आठ दिवस योगेश स्टोअरमध्ये साधा स्क्रू आणायलाही गेला नाही.

मॅनेजरसाहेब मात्र आपली पत्रं नानांना दाखवत नसत. त्यांचं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं होतं आणि हे ते दर बैठकीत एकदा तरी सांगत. बाहेरदेशच्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी परस्पर कळवलं, की आमचा इंजिनिअर पुढच्या आठवड्यात तुमच्या ऑफिसात 'ड्रॉप ऑफ' होईल. तिकडून उत्तर आलं, अवश्य, आमच्याकडे सोफा आहे. साहेबांना सोफ्याचं काही कळेना, म्हणून ते पत्र फिरत फिरत नानांकडे आलं.

"ड्रॉप इन म्हणजे डोकावून जाणं," नाना शांतपणे म्हणाले. "ड्रॉप ऑफ म्हणजे डोळा लागणं. तुम्ही आपला माणूस तिथं झोपायला पाठवता आहात."

आम्ही फायलींत तोंडं खुपसली. साहेब हसले नाहीत, आणि ते हसले नाहीत हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

त्याच मे महिन्यात खुमसिंगचं प्रकरण झालं. खुमसिंग आमच्या यार्डातला लोडर, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचा, चाळिशीचा, बोलायला अगदी कमी. मे महिन्यातलं जळगावचं ऊन काय असतं ते मी सांगायला नको. यार्डात सावली म्हणून नव्हती. बदली माणूस आला नाही म्हणून त्याला सलग दुसऱ्या पाळीला थांबवलं होतं. दुपारी मॅनेजरसाहेब फेरी मारायला निघाले, तर एका मोठ्या पाइपातून दोन अनवाणी पाय बाहेर आलेले दिसले. पाइपाच्या तोंडाशी बूट एकाला एक लावून ठेवलेले.

साहेबांनी आरोपपत्र स्वतः लिहिलं. खुमसिंग कंपनीच्या मालमत्तेत 'पास्ड आउट' अवस्थेत सापडला. एवढं वाचून मोठ्या शेठच्या धाकट्या भावानं, धाकट्या शेठनी, ठरवूनच टाकलं, की प्यायलेला माणूस कामावर नको. चौकशी ही नुसती रीत म्हणून ठेवली. पाइप माझ्या डिस्पॅचचा म्हणून मला बोलावलं, आणि आरोपपत्र वाचून दाखवायला नानांना.

नानांनी पहिल्याच ओळीवर थांबून चष्मा वर ढकलला.

"शेपूट चुकलं."

"मिस्टर नाना, ही शाळा नाही," साहेब म्हणाले.

"म्हणूनच सांगतो. शाळेत मार्क जातात, इथं नोकरी जाते. पास आउट म्हणजे शुद्ध हरपणं. एक तर दारूनं, नाहीतर उन्हानं. तोंडाला वास होता का?"

वास नव्हता. साहेबांनी तसं कबूल केलं.

"मग ऊन राहिलं. तसंच राहू द्यायचं असेल तर पुढची ओळ मी सुचवतो. माणूस उन्हानं बेशुद्ध पडला आणि कंपनीनं डॉक्टर बोलावला नाही."

धाकटे शेठ सावरून बसले. "ते काढा. नुसतं झोपला असं लिहा."

"झोपला कसा?" नाना म्हणाले. "डोज ऑफ की टर्न इन? डोज ऑफ म्हणजे झोप माणसाकडे येते, त्याच्या मनात नसताना. टर्न इन म्हणजे माणूस ठरवून झोपेकडे जातो."

साहेबांचा चेहरा उजळला. "बूट काढून ठेवले होते, नाना. दोन्ही. एकाला एक लावून. आता तुम्हीच सांगा."

नाना चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसावा तसा शर्टाच्या टोकानं पुसत बसले. खुमसिंग दाराशी उभा होता. त्याला इंग्रजी कळत नव्हतं, पण आपली नोकरी नानांच्या तोंडात अडकली आहे एवढं कळत होतं.

"झोपायला म्हणून बूट काढले असतील," नाना शेवटी म्हणाले, "तर डोज ऑफ म्हणता येणार नाही."

मला नानांचा इतका राग आला, की खुर्ची मागे सारून उठावंसं वाटलं. काय बिघडलं असतं एक शब्द सैल सोडला असता तर? त्यांच्याच भागातला माणूस, घरी चार खाणारी तोंडं.

मग नाना खुमसिंगकडे वळले. "बूट काबर काढात रे भो?"

खुमसिंगनं आधी साहेबांकडे पाहिलं, मग नानांकडे. "नवा पाइप शे, नाना. बूटना खिळा लागस, चरा पडस. मंग माल परत येस."

"आणि आत कशाला गेला होतास?"

आत धूळ होती. गाडी भरायच्या आधी फडकं मारायला तो आत शिरला. फडकं मारता मारता जरा टेकला. "अन् डोया लागी ग्या," तो म्हणाला आणि मान खाली घातली.

धाकट्या शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, पाइप भरताना आत फडकं सापडलं होतं, आणि अर्धा पाइप पुसलेला होता.

नानांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "बूट झोपेसाठी काढले नाहीत, मालासाठी काढले. माणूस कामात होता. डोज्ड ऑफ. लिहा साहेब, एक झेड, दोन एफ."

नोकरी वाचली. खुमसिंगला नुसती समज दिली. महिनाभरात यार्डात हिरवी जाळी लागली, पाण्याचे माठ आले आणि साहेबांनी तिथं 'रेस्ट झोन' अशी पाटी लावून स्वतःचा फोटो काढून घेतला.

नानांचा करार मात्र पुढे वाढला नाही. संगणकच आता इंग्रजी दुरुस्त करतो, असं कारण सांगितलं. निरोपाच्या छोट्या कार्यक्रमात साहेब इंग्रजीत म्हणाले, की आज आपण नानांना 'सेंड ऑफ' करत आहोत. नाना खुर्चीतून किंचित उठले.

"बरोबर," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा."

सगळे हसले. नानाही हसले. पण डबा पिशवीत भरताना त्यांना झाकण लागेना. मी लावून दिलं.

मग ते धुळ्याला, देवपुरात मुलीकडे गेले. एकदा धुळ्याला काम निघालं तेव्हा मी गेले. दुपारची वेळ, नाना ओट्यावरच्या खुर्चीत मान टाकून झोपलेले. मुलगी म्हणाली, "उठवते. नंतर मलाच रागावतील." मी नको म्हटलं. तिनं सांगितलं, मागच्या आठवड्यात खुमसिंग नावाचा कोणी एक जण सीताफळं घेऊन आला होता. तोही असाच तासभर समोर बसला आणि न उठवता निघून गेला. मीही चहा घेतला, थोडी बसले आणि निघाले.

दिवाळीनंतर तिचा फोन आला. "ताई, नाना गेले."

"झोपेत?" मी विचारलं.

"नाही हो, चांगले जागे होते."

तिनं सांगितलं, घरासमोर लहान मुलांची इंग्रजी शाळा निघत होती. पेंटर शिडीवर चढून पाटी रंगवत होता आणि नाना ओट्यावरून बघत होते. एकाएकी त्यांनी हात वर केला आणि हाक मारली, "अरे थांब, थांब!" पेंटरनं वरूनच विचारलं, "काय चुकलं, नाना?" नाना पुढे बोललेच नाहीत.

मी भेटायला गेले तेव्हा ती पाटी तशीच होती, अर्धी रंगवलेली. पेंटर आपला हात थांबवून बसला होता. नेमकं काय चुकलंय ते कळल्याशिवाय पुढचं अक्षर काढायची त्याची तयारी नव्हती. मला बघून तो म्हणाला, "ताई, तुम्ही त्यांच्या ऑफिसातल्या ना? जरा बघा बरं."

मी रस्ता ओलांडून पाटीखाली उभी राहिले. एकेक अक्षर लावून वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला काही चूक सापडली नाही.