पुराच्या रेघा

कृष्णाकाठच्या जुन्या आळीत घरांची चित्रं काढत हिंडून पाय भरून आले होते. एका घराच्या दगडी जोत्यावर टेकलो. आत साठीच्या एक बाई भिंतीवरचा पुराचा गाळ खरवडत होत्या. त्याखालून आधीच्या पुरांच्या रेघा दिसत होत्या.

"जोतं एवढं उंच, तरी पाणी आत येतं?"

"बांधणाऱ्यांनी तेव्हाची नदी बघून बांधलं हो."

"मग वरच्या पेठेत जात का नाही?"

"जायचंय. मुलगा केव्हाचा बोलावतोय. पण घर असं चिखलात टाकून कसं जायचं?"

दर पुरानंतर इथं कुणीतरी निघायचं ठरवून आधी घर धुवायला घेतलं असेल. म्हणूनच ही आळी उभी असेल.

मी वही मिटली आणि त्यांची बादली भरून आणली.