संघाच्या फाटकातली धायटी

ग्लासातलं अर्धं पाणी प्यायचं आणि उरलेलं जवळच्या झाडाच्या बुडाशी ओतायचं, ही त्यांची सवय. ओतताना म्हणायचे, "त्यालाबी घसा हाय." बोलायचे ते कायम खाली बघून. सिरसाळ्याकडच्या आमच्या खरेदी-विक्री संघाचे ते सेक्रेटरी. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याचा चेहरा आठवत नाही, टक्कल आठवतं.

माझी नर्सरी मी एकट्यानं उभी केली. संघाच्या फाटकातलं लॉन मीच लावलेलं. नव्या गिऱ्हाइकाला दाखवायला मी तिथंच न्यायचो. दुष्काळाच्या साली सेक्रेटरींनी ते खरवडून चारा छावणीतल्या गुरांपुढे टाकलं. मला हे कळलं समोरच्या चहावाल्याकडून, आणि तो हसत होता. माझ्या नावाची पाटी उघड्या मातीवर तशीच उभी.

तसाच संघाच्या ऑफिसात शिरलो. आवाज चढवून विचारलं, "लॉनमध्ये काय खोट होती?"

"खोट न्हाई. लई चांगलं हुतं," ते टेबलाकडे बघत म्हणाले. "म्हणून तर लाज वाटायची."

टँकरची वाट बघत बाया कुंपणाबाहेर घागरी घेऊन उभ्या असायच्या आणि आत लॉनवर पाणी चालू असायचं. त्या दिवसांत सेक्रेटरी मागच्या दारानं ये-जा करायचे, हे मला पुढे शिपायानं सांगितलं.

मग सेक्रेटरी म्हणाले, तिथं धायटी लावा.

धायटी तुम्ही पाहिली असेल. बालाघाटाच्या खडकाळ उतारावर वाढते, उन्हाळाभर पाण्यावाचून तगते आणि फाल्गुनात बारीक लाल नळ्यांनी फांदीन् फांदी भरून जाते. फुलं औषधवाले नेतात. आई ती वेचून, वाळवून, गाठोडं डोक्यावर घेऊन याच संघात आणायची. नर्सरी काढल्यापासून हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. धायटीचं एक रोपही विकायला ठेवलं नव्हतं.

रानटी झुडूप फाटकात शोभणार नाही, मी म्हणालो. आणि समोरच्यानं नकोच म्हणावं असा दर सांगितला.

"तुमच्या आई फुलं आणायच्या," ते म्हणाले. "मीच तोलायचो."

दोन कारकून कान देऊन बसलेले. माझं डोकं तापलं. म्हातारा मला माझी जागा दाखवतोय, असं वाटलं. "मग? आता काय त्याचं?"

"बाकीच्या बाया भांडायच्या. त्या न्हाई. मी भाव पाडून सांगायचो, त्या मान हलवायच्या. पायात चप्पल नसायची त्यांच्या. ते बघायचो, अन् तरी पाडूनच सांगायचो."

मी जन्मभर भावासाठी भांडलो तो त्या गाठोड्याच्या रागानं. त्या दिवशी माझा अव्वाच्या सव्वा दर त्यांनी मान हलवून घेतला. आईसारखा.

पाऊस पडला तेवढ्यावर रोपं लावली. पहिलं वर्ष कपबशा विसळलेलं पाणी ते स्वतः बादलीनं घालायचे. पुढे फुलं आली, फुलांवर इवले शिंजीर पक्षी आले. सेक्रेटरी पुन्हा पुढच्या दारानं यायला लागले.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. यंदाच्या फाल्गुनात आईला बीडला डॉक्टरकडे नेत होतो. संघापाशी तिनं गाडी थांबवायला लावली.

"धायटी हितं कुणी लावली रे?"

"सेक्रेटरींनी. फुलं तोलायचे ते."

"त्यो?" तिनं काच खाली केली. "त्यानं कदी माझ्या तोंडाकडं बघितलं न्हाई बाबा."

दार उघडून ती उतरली. पदराची झोळी केली आणि दोन्ही हातांनी फुलं ओरबाडायला लागली, भरभर, कुणी हाकलायच्या आत न्यायची असल्यासारखी. फाटकात नवे संचालक उभे होते. त्यातले दोघे माझी गिऱ्हाइकं. एकानं विचारलं, ही म्हातारी कोण?

काच खाली होती. मी माझ्या बुटांकडे बघत बसलो.