भावाला तंग झालेला शर्ट

मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानात आरसा एकच, तोही गिऱ्हाइकांसाठी. कापड अंगावर कसं पडतंय हे मास्तरांच्या बोटांनाच कळायचं. धाकट्या भावाचे कपडे तर ते त्याला न बोलावताच बेतायचे. दोघांची अंगकाठी लहानपणापासून एक. स्वतःच्या अंगावर टेप फिरवली की भावाचा शर्ट कापून मोकळे.

त्या वर्षी मास्तर वाळायला लागले. भूक तर खवळलेली, पण खाल्लेलं अंगी लागेना. छाती धडधडायची, बसल्याजागी घाम फुटायचा, सुई ओवताना हात थरथरायचा. काहीतरी वाईट रोग जडलाय, हे त्यांनी मनाशी धरलंच. पण रोगाहून लोकांच्या नजरेची लाज मोठी. मग स्वतःच्या विजारी त्यांनी कमरेत आवळल्या, शर्टांच्या शिवणी आत घेतल्या. कपडे असे चोख बसायचे की बायकोही फसली.

"गाल बसलेत हो तुमचे," ती एकदा म्हणाली.

"दाढ दुखतेय," म्हणून त्यांनी वेळ मारून नेली.

अशातच भावाचा नवा शर्ट झाला. टेप सवयीनं स्वतःवरच फिरलेली. भाऊ गॅरेजमधल्या कामावरून तसाच आला, हात पुसून शर्ट घातला, तर पोटावरचं बटण काजापर्यंत पोचेना.

"दादा, कापड आटलं की मी फुगलो?"

मास्तरांचे कान तापले. खरं सांगायचं तर सगळंच उघडं करावं लागणार होतं.

"सुटलायस जरा," ते खाली बघत म्हणाले. "खाणं आवर."

"बायको तर मला काडीपैलवान म्हणते!" भाऊ हसला. पण आरशापुढे पोट आत ओढत बराच वेळ उभा राहिला.

पुढं एक दिवस भावजय दुकानाच्या पायरीशी आली. "दादा, तुम्हीच सांगा ह्यांना. भरलं ताट सरकवतात. काल गाडीखालून उठताना घेरी आली. म्हणतात, दादाची टेप खोटं बोलत नाही."

मास्तरांना तिच्याकडे बघवेना. दुकान उघडं टाकून ते थेट गॅरेजवर गेले आणि भावापुढं शर्ट वर केला. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा.

"माप माझं होतं," ते म्हणाले. "तू होतास तसाच आहेस."

भावानं हातातला पाना खाली ठेवला. "आणि मला उपाशी ठेवलंस?"

"लाज वाटली रे."

"माझ्याशी खोटं बोलताना नाही वाटली?"

भावानं हात धुतले आणि त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपला, हात पुढं धरायला लावले. "मनात नसताना वजन उतरलं तर कारण शोधायचंच. साखर असेल, क्षय असेल, आतड्याचं दुखणं, कुठं गाठ, कधी नुसतं खचलेलं मनही. तुमचं मला थायरॉईडचं वाटतंय. तसं असलं तर गोळ्यांनी आटोक्यात येईल. रक्त तपासून घेऊ." मग त्या भावाकडे वळल्या. "पण इतका उशीर? घरात कुणाला दिसलं नाही?"

मास्तरांची नजर भावाकडे गेली.

"दिसत होतं, बाई," भाऊ म्हणाला. "आम्हीच मनावर घेतलं नाही."

बाई त्याला चांगलंच फैलावर घेत होत्या. भाऊ मान हलवत ऐकत होता. आणि मास्तर शर्टाची बटणं लावत होते. एकही नीट लागत नव्हतं.